तव्याचं कव्हर

“त्याला भिंतीला टेकवू नका. गादीवर निजवा, पंखा लावा. उन्हातून आलंय बिचारं.”

शेजारच्या घरातून काकांचं हे बोलणं ऐकू आलं आणि आईने पन्ह्याचा तांब्या हातात देऊन मला तिकडे पिटाळलं. कुणाचं तरी लेकरू ऊन लागून आलं असावं, अशी आमची समजूत. जाऊन पाहते तर गादीवर एक लांब दांडा, त्याच्या टोकाला तव्याएवढी काळी चकती, आणि वर पंखा गरगरतोय. काकू खाली फरशीवर बसून पदराने वारा घेत होत्या. “दे इकडं,” त्या म्हणाल्या. “ते न्हाई पीत. मीच पिते.”

मस्तगडातले आमचे शेजारी, तवावाले काका, ते हे. घराणं मूळचं राजस्थानचं, पण जालन्यात इतकं मुरलेलं की काका फक्त देवाशी मारवाडीत बोलत. शेतात पाइपलाइन टाकून द्यायचा त्यांचा धंदा. जुन्या लोखंडी लाइनी मातीखाली कुठे गेल्यात, ते शोधायला त्यांनी मेटल डिटेक्टर आणला. त्याची चकती म्हणजे कॉइल. गल्लीने पहिल्याच दिवशी तिचा तवा करून टाकला. पुढे लोक हरवलेल्या वस्तूंसाठीही काकांना न्यायला लागले. कुणाचे पैंजण, कुणाची मोटारसायकलची किल्ली. काका हौसेने जात. पण मशीन शोधायला कमी आणि सांभाळायला जास्त आणलंय, असं पाहणाऱ्याला वाटे.

“मशीन मरत न्हाई, वायर मरती,” हे त्यांचं आवडतं वाक्य. म्हणून वायर दांड्याभोवती सैलसर गुंडाळून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधायची. कुणी घट्ट पीळ दिला तर काका ओरडत, “गळा आवळल्यावर कोण बोलंल रे?” वायर जोडायच्या जागेवर धूळ बसू नये म्हणून फुगा कापून चढवलेला. काम झालं की सेल काढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. दांड्यावरच्या बटणांच्या डब्याला पाऊस लागू नये म्हणून वर धुतलेली दुधाची पिशवी. स्कूटरच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेलं मशीन बसे आणि काकू टेम्पोने येत. “माझ्या लग्नातबी मला एवढं जपून न्हाई आणलं,” असं त्या टेम्पोवाल्यालाही ऐकवत.

मी या सगळ्यात आले ती मशीनच्या पुस्तिकेमुळे. ती इंग्रजीत होती आणि गल्लीत इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटी. माझी मराठी ऐकून पोरं हसत, म्हणून मी बाहेर शक्यतो तोंडच उघडत नसे. काकांना मी कुजबुजत वाचून दाखवी: कॉइल जमिनीवर घासू नये, कव्हर नेहमी घालावं, आत गेलेली माती काढावी. प्रत्येक वाक्याला काका “बराबर!” म्हणत, जणू कंपनीने त्यांना विचारूनच छापलं होतं. मग शेतात काही अडलं तर वाचायला म्हणून ते मला सोबत नेऊ लागले. तिथे माझं खरं काम छत्री धरण्याचं होतं. तव्यावर.

मशीनसोबत आलेलं प्लॅस्टिकचं कव्हर झिजलं, तेव्हा काकांनी बादलीच्या झाकणाचं केलं. ते तडकलं, तेव्हा काकूंना कामाला लावलं. काकूंना शिवणातलं फक्त ब्लाऊज येत होतं. त्यांनी जाड तंबूचं कापड घेतलं आणि तव्याला ब्लाऊजच शिवलं, पुढून हुक लावून. “बघ बेटा, बिलकुल मापात!” काका म्हणाले. ते चांगलंच सैल होतं.

ते नवं कव्हर घालून आम्ही अंबडकडच्या एका कापसाच्या शेतात गेलो. मंदा नावाच्या नव्या सुनेच्या गळ्यातलं डोरलं वेचणी करताना पडलं होतं. सासू बांधावरून म्हणत होती, “शेठ, कशाला तरास घेता? ते हिच्या माहेरच्या पेटीत वाजंल!” संध्याकाळपर्यंत नाही सापडलं तर मंदाला माहेरी पोचवायचं, असं घरात ठरलं होतं. तिच्या कपड्यांचं गाठोडं बांधावरच होतं.

काकांनी मशीन चालू केलं आणि पहिल्याच पावलाला ते वाजलं. दिराने खांदलं, काही नाही. पुढच्या पावलाला वाजलं. खांदलं, काही नाही. सगळ्या ओळीभर तेच. शेवटी घाम पुसायला काकांनी दांडा उचलला, तर तवा आभाळाकडे तोंड करूनही वाजला.

“शेठ, आता वर खांदायचं का?” दीर म्हणाला. सगळं शेत हसलं. मंदा नाही.

छत्री धरून मी तव्याजवळच उभी होते. दांडा हलला की सैल कव्हर सरकत होतं, त्यासोबत लोखंडी हुक नाचत होते. मी काकांच्या कानात सांगितलं. ते हुकांकडे बघत राहिले. “बराबर,” असं इतक्या हळू म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग म्हणाले, “हुक काढून नाड्या लावू. उद्या येतो.”

कव्हर आत्ताच का काढायचं नाही, ते मला कळत होतं. डोरलं बारीक, तवा पार मातीला टेकवून फिरवावा लागणार, आणि खाली कापसाच्या झाडांचे टणक बुंधे.

डोरलं सापडलं, हे इथेच सांगते. तव्यावर इतके ओरखडे उठले की काकूंनी हळद लावायची तेवढी बाकी ठेवली. पुढे काका आल्या-गेल्याला ते ओरखडे मुद्दाम दाखवत आणि माझ्याकडे बोट करून म्हणत, “हिच्यामुळं.” आता काका नाहीत, मशीन त्यांच्या मुलाने कुणाला तरी देऊन टाकलं. मला नोकरीत रोज चार लोकांसमोर बोलावं लागतं. जीभ अडखळली की ते शेत आठवतं.

तर त्या शेतात काकांनी मशीन गुंडाळायला गोधडी उलगडायला घेतली होती. मंदा रडली नाही, वाकून तिने गाठोडं उचललं. मी छत्री मिटली. आणि माझ्याकडे आहे हे मलाच ठाऊक नसलेल्या मराठीत, बांधावरच्या सासूलाही ऐकू जाईल अशी ओरडले, “काका, काय देव्हाऱ्यात बसवून राह्यले का तवा? काढा ते कव्हर, घासू द्या!”