कसा आवाज हाय, मास्तर?

देविदास गेल्याचा फोन वहिनींनी स्वतः केला. मी कामानिमित्त यवतमाळला होतो, एका ऑफिसच्या जिन्यात. “भाऊजी, हे गेले,” एवढंच त्या म्हणाल्या. खाली येऊन व्हॅन चालू केली, सवयीनं रेडिओ लावला, आणि बातम्यांच्या मागून तो बारीक आवाज निघाला. कुईं... ॲक्सिलरेटर दाबला की वर चढणारा. हाच आवाज गेला म्हणून मी त्याला तीन आठवड्यांपूर्वी सांगून आलो होतो. आमचं मारेगाव येईपर्यंत मी रेडिओ बंद केला नाही.

आम्ही शाळेपासूनचे जोडीदार. मी मराठीचा मास्तर झालो, तो कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये लागला. कापसाची वाईट वर्षं आली, जिनिंगची यंत्रं थांबली, तेव्हा त्यानं बसस्टँडजवळ टिनाच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान टाकलं. नवं घ्यायची उमेद तेव्हा कोणातच नव्हती, म्हणून तालुक्यातलं सगळं जुनं त्याच्याकडे यायचं... टेप, मिक्सर, काळ्या-पिवळ्या जीपमधले ॲम्प्लिफायर. त्याच सुमारास मी वरातीत गाणी वाजवणाऱ्या एकाची जुनी व्हॅन घेतली. तिच्या सीटखाली एक धिप्पाड ॲम्प्लिफायर आयताच आला. मला ऐकायच्या साध्या बातम्या, आणि बातम्या सांगणारी बाई नवरदेवाला नाचवायला आल्यासारखी बोलायची. त्यात ही कुईं. गाडी त्याच्या दारात नेऊन उभी केली.

दोन तासांनी तो म्हणाला, “झालं, घेऊन जाय.” मी गाडी चालू केली तर आवाज होता तसाच. माझा स्वभाव तापट. दोन गिऱ्हाइकांदेखत मी त्याला बोललो, काम येत नसेल तर घेतोस कशाला, वगैरे. गिऱ्हाइकं गेल्यावर त्यानं मला आत बोलावलं. “मास्तर, बारीक आवाज मले आयकूच येत नाई,” तो म्हणाला. “बारा वर्सं जिनिंगमंदी उभा राह्यलो, तिनं खाल्ले कान.” मी विचारलं, कोणाला सांगितलं का नाहीस. “कायले सांगू? आवाजाचा मिस्त्रीच भैरा हाय म्हनलं तं दुकानात कोन येईन?” मला इतकी लाज वाटली, की आजही तो दिवस आठवला की मान खाली जाते.

त्यानंतर शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी त्याच्या दुकानात. लोकांना वाटे मास्तर गप्पा मारायला येतात. काम असं चाले की तो सेट लावायचा आणि विचारायचा, “कसा आवाज हाय, मास्तर?” नुसतं ‘खराब’ म्हटलेलं त्याला चालत नसे. खरखर म्हटलं की तो व्हॉल्यूमच्या बटणातली धूळ काढी. चरचर म्हटलं की वायरीचा सुटलेला टाका शोधी. एकदा मी चरचरीला कुरकुर म्हणून बसलो, तर त्याचा अख्खा दिवस वाया गेला. “मराठी शिकवतं ना तू पोराइले?” असं वर ऐकून घ्यावं लागलं. आणि कुईं असेल तर बहुधा अर्थ बिघडलेला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर. तो पत्रा घासायचा, वायर आवळायचा, मी म्हणायचो, “अर्थ लागला की भाषा सुधारते बघ.” हा विनोद मी किती वर्षं केला देव जाणे, पण तो दर वेळी हसायचा. आवाज गेला की नाही हे विचारताना तो ॲम्प्लिफायरकडे बघत नसे, माझ्या तोंडाकडे बघे. काम झालं की कागदाची चिठ्ठी चिकटपट्टीनं बुडाला लावी... कोणाचा सेट, कोणता आवाज, काय केलं.

मग त्याचं दुखणं आलं. दवाखान्यातून घरी आला तेव्हा शर्टात नुसता हँगर उरला होता. माझ्या व्हॅनची कुईं इतक्या वर्षांनी परत सुरू झाली होती. खरं तर नेऊ नये, पण हाताला काम मिळालं तर बरं वाटेल म्हणून मी गाडी त्याच्या घरी नेली. अंगणात बसून तो बराच वेळ खटपटला. स्क्रू दोनदा मातीत पडला. शेवटी त्यानं वर पाहिलं. “गेला काय?”

कुईं चालूच होती. मी म्हणालो, “गेला.”

इतक्या वर्षांत त्याच्याशी खोटं बोललो ते तेवढंच. त्यानं मान हलवली, चिठ्ठी लिहिली, चिकटवली, ॲम्प्लिफायर सीटखाली सरकवला. मी तिकडे पाहिलं नाही. आपण एका दमलेल्या माणसाचं मन राखलं, असं वाटून घरी आलो.

परवा सीट उचलली आणि ॲम्प्लिफायर उलटा केला. जुन्या चिठ्ठ्यांवर ती नवी चिठ्ठी होती, वेड्यावाकड्या अक्षरात. ‘मास्तरची गाडी. कुईं. मास्तर म्हनते गेला. भुवई म्हनते नाई गेला. मांगचा अर्थ घासून लावने.’

म्हणजे मन त्यानं माझं राखलं होतं.

पत्रा घासायला कानस आणून ठेवली आहे. पाच मिनिटांचं काम आहे, शंभरदा पाहिलेलं. पण वायर आवळून झाल्यावर समोर बसून माझ्या भुवईकडे बघणारं कोणी नाही. काल पुन्हा गाडी काढली, कुईं वर चढली, आणि मी मोठ्यानं म्हणालो, “नाही गेला रे, देविदास.”