सरकारी अंगठा

गेल्या हिवाळ्यात माझ्या वडिलांचा उजवा अंगठा आमच्या घरी जावयासारखा सांभाळला गेला. त्याला कोयता धरू द्यायचा नाही, साबण लागू द्यायचा नाही, सकाळ-संध्याकाळ खोबरेल चोळायचं. आई त्याला ‘सरकारी अंगठा’ म्हणायची. मला मात्र चेष्टा सुचत नव्हती, कारण तो अंगठा मशीनवर उमटला नाही तर अप्पांची पेन्शन बंद होणार होती.

अप्पा रोह्याच्या एका कंपनीत एकतीस वर्षं शिफ्टमध्ये राबले. पेन्शनसाठी दर महिन्याला कापलं जायचं, तेव्हा ते म्हणायचे, म्हातारपणाची सोय होतेय. सोय झाली ती आईच्या गोळ्यांची, विजेच्या बिलाची आणि अर्ध्या महिन्याच्या किराण्याची. ज्यांनी ही रक्कम ठरवली त्यांच्या मते साठीनंतर माणूस बहुतेक एकच वेळ जेवतो. मला याचा संताप येतो. अप्पांना येत नाही. दर बजेटला ते “या खेपेला वाढवतील गो” म्हणत टीव्हीसमोर बसतात आणि भाषण संपलं की निमूट उठून गुरांना पाणी दाखवायला जातात.

उरलेला अर्धा किराणा आमच्या गावात, जोह्यात, एकाच ठिकाणी मिळतो, गणपतीच्या कारखान्यात. अप्पा तिथे घासकाम करतात. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर जोडाची रेघ उरते, ती पॉलिश पेपरने घासून काढायची आणि मग तिथे बोटं फिरवून बघायची. मी एकदा त्यांना हातमोजे आणून दिले होते. “मोज्याला काय कळतंय? खडबडीत कुठं हाय ते बोटालाच कळतं,” म्हणाले. ते मोजे आई आता गरम पातेली उतरवायला वापरते.

नोव्हेंबरात मी रोह्यातल्या माझ्या नोकरीतून सुट्टी काढून आले आणि त्यांना हयातीच्या दाखल्यासाठी पेणला घेऊन गेले. माणूस जिवंत आहे हे वर्षातून एकदा बोट टेकवून सांगायचं, एवढंच काम. तिथल्या सेवा केंद्रातल्या बाईंनी अप्पांचा अंगठा मशीनवर टेकवला. नाही. दुसरा टेकवला. नाही. एकेक करत दहाही बोटं झाली, मागे रांग कुरकुरायला लागली. शेवटी बाईंनी त्यांचा हात उजेडात धरला.

“बाबा, रेषाच राहिल्या नाहीत हो. काम काय करता?”

अप्पांनी सांगितलं. मी थक्क होऊन त्यांच्या बोटांकडे पाहत राहिले. पॉलिश पेपरने गणपतीबरोबर तीही गुळगुळीत केली होती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

“तीन आठवडे हाताला विश्रांती द्या, रेषा परत येतील,” बाई म्हणाल्या. म्हणून तो सगळा थाटमाट.

दोन आठवड्यांनी रविवारी न सांगता मी जोह्याला गेले. आई घरात एकटीच होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी तडक कारखान्यात गेले. अप्पा पोत्यावर बसले होते. उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, आणि डाव्या हाताने सोंड घासणं चाललं होतं. उजव्या हाताची उरलेली चार बोटंही मूर्तीच्या भुकटीने पांढरीफटक.

“अप्पा, पेन्शन जाईल!” मी सगळ्यांदेखत ओरडले.

“अंगठा बांधलाय की.”

“बाकीच्या बोटांचं काय? अंगठा नाही उमटला तर?”

“आन् रोज बुडला तर? पेन्शनीवर दोन माणसं जगतात का गो?”

चिडले की मी वाटेल ते बोलते. म्हणाले, “मग दाखला नकोच तुम्हाला, मीच उगाच हेलपाटे मारतेय.” त्यांनी मान खाली घातली आणि पेपरचा नवा तुकडा फाडला. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

डिसेंबरात पुन्हा गेलो. अप्पांनी अंगठा शर्टाला पुसून टेकवला. पुन्हा नाही. जानेवारीत पेन्शन आली नाही. आई म्हणाली, येईल पुढच्या महिन्यात. पण फळीवरचं गोळ्यांचं पाकीट मी पाहिलं. शुगरची गोळी ती एक दिवस आड घेत होती. विचारलं तर म्हणाली, “बरं वाटतंय मला, कशाला रोज?”

मग माझ्या ऑफिसातल्या एका बाईंकडून कळलं की रोह्यात स्टँडजवळच्या केंद्रावर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी अप्पांना बोलावून घेतलं. इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून ते पहिल्या एसटीने आले. चिंधी अंगठ्यावर तशीच.

तिथल्या मुलीने मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. पहिल्यांदा झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. कंपनीच्या गेटपासचा फोटो काढावा तसे ते श्वास रोखून, डोळे ताणून बसले होते.

“बाबा, डोळे मिटा-उघडा. नाहीतर त्याला वाटतं फोटोच धरलाय.”

“मिटले आन् पुन्हा नाय म्हणालं तर?”

“मिटा हो अप्पा!” मी म्हणाले. त्यांच्याआधी माझीच उघडझाप सुरू झाली होती.

त्यांनी डोळे घट्ट मिटले, उघडले. फोनवर हिरवी खूण आली. मुलगी म्हणाली, झालं, थकलेली पेन्शनही जमा होईल. मला रडू आलं आणि मी ते दडवलं नाही. आता तरी ते घरी बसतील, असं मला खरंच वाटलं.

स्टँडवर पेणची गाडी लागली होती. अप्पांनी पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळले.

“पुढच्या वर्षी अंगठा मागणार नायत ना?”

“नाही अप्पा. चेहराच चालेल.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी दातांनी गाठ सोडली, चिंधी खिशात घातली आणि अंगठा दोन-तीनदा वाकवून पाहिला. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला होता.

“मग बरं झालं गो,” ते म्हणाले. “उद्यापासून दोन्ही हातांनी घासतो.”