विहिरीतून ऐकलेला माळढोक

ठकूआत्या विहिरीत लोंबकळत होती. तिच्या कमरेचा पटका माझ्या बापाच्या, दादांच्या, कमरेला बांधलेला होता आणि ते काठावर पालथे पडून तसूतसूने पुढे घसरत होते. त्यांच्या पायांवर मी बसले होते. मागून आईने मला घट्ट धरले होते.

"सख्या, वरडू नगंस," खालून आत्या म्हणाली. "त्यो बोलतोय."

"आक्का, तू हिरीत हायस!"

"मग? हितं लई बेस ऐकू येतंय."

अशी बाई होती ती. दादांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच पारनेरजवळच्या आमच्या वस्तीवर परत आली, ती कायमची. नवऱ्याने टाकली, असे लोक म्हणायचे. ती म्हणे, "म्या टाकला त्याला. रातभर घोरायचा. येक पाखरू ऐकू येईल तर शप्पत." मला ही थाप वाटायची. पुढे एका लग्नात तो माणूस मी पाहिला. पंगतीत बसल्या बसल्या घोरत होता.

ज्येष्ठात, पेरण्यांच्या आधी, जेवणे झाली की ती आम्हाला माळावर पाखरे ऐकायला न्यायची. कंदील घ्यायचा नाही. उजेड दिसला की पाखरू गप्प होते, असे तिचे म्हणणे. लढाईमुळे रॉकेल कार्डावर मिळायचे, म्हणून दादांनाही ते पटायचे. एकदा अंधारात आई आम्हीच समजून कोणाच्या तरी सुटलेल्या म्हशीमागे अर्धा कोस चालत गेली. तेव्हापासून आत्या दादांचे दोन पटके एकमेकांना गाठून आम्हा चौघांना ओळीने कमरेला बांधायची. पुढे ती, मग दादा, मग मी, शेवटी आई.

चालताना ती एकेकाची ओळख करून द्यायची. "ह्यो पिंगळा. नवराबायको येकदमच बोलत्यात, कुनी कुनाचं ऐकत न्हाई. तुज्या आईबापागत." टिटवी ओरडली की म्हणायची, "भांडखोर मेली. आपनच वाटंत बसायचं आन् आपनच शिव्या द्यायच्या."

पण तिचा खरा जीव माळढोकावर. तो माळावर हुंकारतो, लांबवर ऐकू येतो. साहेब लोकांनी मारून संपवले, एकही उरला नाही, असे दादा तिला चिडवायचे. त्या रात्री तिला हुंकार ऐकू आला. ती मान वर करून, डोळे मिटून आवाजाकडे चालत सुटली. एवढ्या अंधारात डोळे कशाला मिटायचे, ते तिलाच ठाऊक. विहिरीला कठडा नव्हता.

दादा आणखी वीतभर घसरले. खाली पाणी गुडघाभर, बाकी सगळा खडक. मग आत्याचा आवाज बदलला.

"सख्या, तुजी गाठ सोड. पोरगी वढली जाईल."

"गप ऱ्हा."

"सोड म्हन्ते न्हवं!"

"वन्सं," आई ओरडली, "आता तरी तोंड मिटा!"

आई आत्याला उलट बोललेली मी तेवढीच एकदा ऐकली. तिने पटक्याचे उरलेले टोक मागच्या बोरीच्या बुंध्याला दोन वेढे देऊन आवळले. काटे तिच्या हातात मोडले. दादा घसरायचे थांबले. मग आम्ही तिघांनी ओढले. आत्या अंगाने चांगली भरलेली होती. कोपरे सोलून, अर्धे लुगडे फेडून ती वर आली.

"ऐकला का न्हाई?" तिने पहिले हेच विचारले.

"न्हाई," दादा म्हणाले.

"तू गं, येसू?" ती आईकडे वळली.

आई दातांनी तळहातातले काटे उपसत होती.

मी ऐकला होता. दादांनीही ऐकला असणार, पण मरेपर्यंत कबूल केले नाही.

ओढाताणीत गाठी अशा आवळल्या होत्या की अंधारात सुटेनात. तसेच एकमेकांना बांधलेले घरी आलो. चौघेही जिवंत.