मधलीचे कान आणि लोकांची अक्कल

तीन बहिणींत ती मधली, म्हणून तिला सगळे मधलीच म्हणत. तिला आवाज दिसायचे. कुणी बोललं की डोळ्यांपुढे रंग उमटायचा, बोलणं थांबलं की विरायचा. सगळ्यांनाच असं होतं, अशी तिची समजूत. ती समजूत शाळेत मोडली. ‘बाई, तुमचा आवाज विटकरी आहे,’ असं तिनं कौतुकानं सांगितलं, तर बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. आईनं डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्या विद्वानानं साध्या काचांचा चष्मा दिला आणि ‘फरक पडेल’ म्हणाला. फरक इतकाच पडला, की मधली गप्प बसायला शिकली. नातलग मात्र गप्प बसले नाहीत. थोरलीचा नवरा तर तिच्यादेखत पाहुण्यांना सांगायचा, ‘डोक्यानं जरा अधू आहे बिचारी.’

पुढे ती पार्लरमध्ये केस कापू लागली. चाळिशी उलटली तेव्हाची गोष्ट. तिथल्या टीव्हीवर एक डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की काही माणसांना आवाजाबरोबर रंग दिसतात. हा आजार नाही, वेड तर नाहीच, मेंदूची घडणच तशी असते. मधलीची कात्री थांबली.

‘अहो, हे माझंच सांगतायत!’ ती मोठ्यानं बोलून गेली, आणि तिथंच चुकली.

बातमी घरोघर पोचली. धाकटी म्हणाली, ‘अगं, मलाही होतं हं तसं. सोमवार म्हटलं की कसं उदास-उदास वाटतं.’ थोरलीचा नवरा खुर्ची ओढून समोरच बसला.

‘सांग बघू, माझा आवाज कसा? सोनेरी ना?’

‘भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा आहे, भावजी. कडेला जरा बुरशी.’

‘म्हटलं नव्हतं, अधू आहे?’ म्हणत तो तरातरा निघून गेला. एवढीच त्याची शास्त्रावरची श्रद्धा.

पार्लरच्या मालकीणबाई त्याच्याहून पोचलेल्या. त्यांनी दारावर पाटी लावली: ‘तुमच्या आवाजाचा रंग, तुमच्या केसांना!’ बायकांची रीघ लागली. प्रत्येकीला किरमिजी नाहीतर जांभळाच हवा. मधलीनं पहिलीला ‘मळकट राखाडी’ सांगितलं, दुसरीला ‘शेवाळी’. तिसरी रडतच उठली.

‘थोडं गोड बोलायला तुझं काय जातं?’ मालकीणबाई खेकसल्या.

‘दिसतं ते सांगते.’

‘तुला काय दिसतं ते कुणाला हवंय? त्यांना काय हवंय ते बघ!’

मधलीनं खोटं सांगून पाहिलं. समोर शेवाळी तरंगतोय आणि तोंडानं किरमिजी म्हणायचं, याची तिला शिसारी आली.

‘आजवर मी गप्प राहिले, पण खोटं नव्हते बोलले,’ ती म्हणाली. ‘तुम्हीच सांगा रंग. तुम्हाला काही दिसत नाही, तेव्हा अडचणही नाही.’

टोमणा होता, मालकीणबाईंनी सल्ला म्हणून घेतला. आता त्या डोळे मिटून, कपाळाला बोट लावून आवाज ‘बघतात’. गिऱ्हाइकं तृप्त आहेत. टीव्हीवरच्या बाईमुळे आपण शहाण्या ठरलो, असं मधलीला चार दिवस वाटलं होतं. त्या चार दिवसांची तिला आता लाज वाटते. स्वतःच्या डोळ्यांना दिसतं त्याला साक्षीदार कशाला हवे होते?

परवा एका म्हातारीनं विचारलं, ‘रंगवाल्या बाई तुम्हीच का?’

‘त्या तिकडे. मी नुसते केस कापते.’

म्हातारीचा आवाज नितळ तांबूस होता, असा तिनं कधीच पाहिला नव्हता. ते तिनं सांगितलं नाही. केस मात्र अगदी सावकाश कापले, आणि म्हातारीला सुना-नातवंडांबद्दल बोलतं ठेवलं.