पान तीनशे बावन्ननंतर

पेटी उघडी होती.

मी दुर्गहून परतले तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. एका शाळेच्या लायब्ररीची ऑर्डर पक्की झाली होती, त्यामुळे स्वारी खुशीत होती. दुकानाच्या मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि तिथेच थबकले. टेबलाजवळ तीन पेट्या. दोन बंद आणि तिसरीची टेप ब्लेडने सरळ रेषेत कापलेली. झाकणावर प्रकाशन कंपनीचा लाल स्टिकर होता. मंगळवारी सकाळी नऊच्या आधी ही पेटी उघडू नये, असं त्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. त्या स्टिकरवर कुणीतरी तेलकट खडूने भलीमोठी फुली मारली होती. फुलीखाली सही होती, व्ही. लांजेवार.

त्या दिवशी गुरुवार होता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. का, ते सांगण्यासाठी आधी आमच्या धंद्यातला एक शब्द सांगायला हवा. एम्बार्गो. एखाद्या पुस्तकाची लाखभर पोरं वाट बघत असतात, तेव्हा ते सगळीकडे एकाच दिवशी, एकाच वेळी विक्रीला यावं असं कंपनी ठरवते. दुकानात पेट्या तीन-चार दिवस आधी येतात, पण त्या उघडायच्या नाहीत. दुकानदार तसं लिहून देतो. शब्द मोडला तर पुढची मोठी पुस्तकं त्या दुकानाला वेळेवर मिळत नाहीत. एवढंच. पण हे एवढंच आमच्यासाठी फार होतं.

भिलाईत मी पंचवीस वर्षं पुस्तकं विकते आहे. आधी वडिलांबरोबर, ते गेल्यापासून एकटी. पूर्वी दुकान स्पर्धा परीक्षांच्या गाइडांवर चालायचं. गेल्या काही वर्षांत ओरलाच्या पुस्तकांनी दुकानात पोरं आणली. ओरला ही या मालिकेतली सोळा वर्षांची मुलगी, तिला मेलेली माणसं दिसतात. तिचा धाकटा भाऊ मेलेल्यांच्या शहरात अडकलाय आणि ती त्याला परत आणायला निघाली आहे. चार भागांची गोष्ट. मी पहिला भाग नाक मुरडत उघडला आणि दोन दिवस गिऱ्हाइकांशी धड बोलले नाही.

तिसरा भाग आला तेव्हा आमचं नाव एम्बार्गोच्या यादीत नव्हतं. नागपूर-रायपूरला पुस्तक मिळालं, आमच्याकडे सहा दिवसांनी आलं. तोवर शेवट मोबाइलवर सगळीकडे फिरला होता. खुर्सीपार वस्तीतली श्रेया नावाची मुलगी तेव्हा नववीत होती. वडील इथल्या स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. पोरगी रोज शाळा सुटल्यावर दुकानात येऊन विचारून जायची. सहाव्या दिवशी पुस्तक तिच्या हातात दिलं तर ती म्हणाली, "आंटी, अब क्या पढ़ूँ? मेरे को तो सब पता चल गया." आणि काउंटरपाशी उभी राहून रडली. मला इतका राग आला होता! त्यानंतर दोन वर्षं मी कंपनीच्या रायपूर ऑफिसचे उंबरठे झिजवले. चौथ्या, शेवटच्या भागासाठी भिलाईचं नाव यादीत आलं, ते तेव्हा. एकसष्ट पोरांनी नावं नोंदवली होती. यादीत पहिलं नाव श्रेयाचं.

आणि आता पेटी उघडी होती.

"काका!" मी ओरडलेच.

लांजेवार काका पेटीमागे स्टुलावर बसले होते. चष्मा नाकावर, मांडीवर पुस्तक. काका मूळचे भंडाऱ्याकडचे, माझ्या वडिलांचे मित्र. सारी नोकरी प्लांटच्या स्टोअरमध्ये गेली. आलेला माल तपासून घेणं हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर घरी करमेना म्हणून माझ्याकडे येऊ लागले.

"हे काय केलं तुम्ही?"

"माल तपासून राहिलो. कावून?"

"त्याच्यावर लिहिलं आहे ना, उघडू नका म्हणून!"

"वाचलं ना मी. ते तं ट्रान्सपोर्टवाल्यासाठी राह्यते." काका शांतपणे म्हणाले. "आमच्या स्टोअरात पन अशेच स्टिकर ये. रस्त्यात कोनी उघडू नये म्हनून. स्टोअरवाल्यानं नाही उघडलं तं माल घेतला कसा म्हनाचा?"

चूक माझी होती. पेट्या शनिवारी येणार होत्या, म्हणून काकांना मी काही सांगितलंच नव्हतं. त्या दोन दिवस आधीच आल्या. आणि प्लांटच्या स्टोअरमध्ये माल न उघडता सही करणं हा गुन्हा. तो केल्याबद्दल काकांच्या हाताखालच्या एकाला चार्जशीट मिळाली होती, हे मी त्यांच्याच तोंडून दहा वेळा ऐकलं होतं. दुसऱ्या कुठल्याही गावात दुकानातल्या माणसाने स्टिकर बघून हात मागे घेतला असता. इथे तो स्टिकर बघूनच ब्लेड काढलं गेलं.

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "तू मंग चिडजो. आधी हे पाह्य. माल रिजेक्ट आहे."

"काय?"

"पानं मोज."

त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. मी पान तीनशे बावन्न बघितलं. ओरला मेलेल्यांच्या शहराच्या दारात उभी आहे, भावाचा हात तिच्या हातात आहे, आणि मागे वळून बघायचं नाही अशी अट आहे. नजर पुढे नेली. समोर पान तीनशे एकवीस. पुन्हा तेच. पुढे तीनशे बावन्नपर्यंत सगळं दुसऱ्यांदा आणि त्यानंतर एकदम तीनशे पंच्याऐंशी. मधली बत्तीस पानं पुस्तकात नव्हतीच.

याला आम्ही फॉर्मा चुकला म्हणतो. पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर बरीच पानं एकदम छापतात, त्याच्या घड्या घालतात आणि असे गठ्ठे ओळीने लावून शिवतात किंवा चिकटवतात. एका गठ्ठ्याला फॉर्मा म्हणायचं. लावताना एक फॉर्मा दोनदा गेला आणि पुढचा राहिला, की असं होतं. एखाद्या प्रतीत होणं नेहमीचं आहे. पण काकांनी पेटीतल्या चोवीसच्या चोवीस प्रती बघितल्या होत्या आणि सगळ्या तशाच होत्या.

 दोन वर्षं पोरं ज्याची वाट बघत होती, तो भाऊ परत येतो की नाही, हे नेमकं त्या बत्तीस पानांत होतं.

यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी टेबलावरची खाकी टेप उचलली.

"काका, पेटी बंद करू. मंगळवारी सगळ्यांसमोर उघडू. तेव्हा कळलं असं म्हणू."

"अन् पोरं?"

"बदलून देऊ ना! आठ दिवसांत नवी येतील."

"आठ दिवसांत त्या फोनवर सबन येऊन जाईल ना व. ते रडली होती नं, ते खुर्सीपारची पोरगी? तूच सांगतलं होतं मले."

 हातात टेपचं टोक तसंच.

"अन् दुसरी गोष्ट," काकांनी फुलीकडे बोट दाखवलं, "रिजेक्टवर सही केली मी. हा लोखंडावर मारासाठीचा खडू होय, निंघत नाही. तुले लपवाचं असन तं पेटीच जाळा लागन."

काकांचा आवाज जराही चढला नव्हता.  काकांनी पेटी उघडली याचा धक्का एव्हाना जुना झाला होता. पुस्तकं खराब निघाली, तो धक्काही पचवता आला असता. पण आपल्या हाताने इतक्या पटकन टेप उचलली, याने मी हादरले. श्रेयासाठी म्हणून उंबरठे झिजवणारी बाई ती मीच होते ना?

मी रायपूरच्या ऑफिसला फोन लावला. तिथे पांडे सर वितरण बघतात. माणूस कडक, पण सरळ.

"सर, ओरलाच्या चौथ्या भागात फॉर्मा चुकलाय. तीनशे त्रेपन्न ते तीनशे चौऱ्याऐंशी पानं नाहीत."

 पलीकडून अगदी हळू आवाजात प्रश्न आला.

"मॅडम, आपको कैसे पता?"

खोटं बोलायचंच तर उत्तर तयार होतं. वाहतुकीत पेटी फाटली म्हणायचं. असं होतं, कुणीही विश्वास ठेवला असता. काका माझ्याकडे बघतही नव्हते. ते चोवीस पुस्तकं पुन्हा पेटीत सारख्या थरात रचत होते.

"सर, हमने पेटी खोली है," मी म्हणाले. "गलती मेरी है. मी स्टाफला सांगितलं नव्हतं."

"आपने लिखकर दिया था."

"हो."

"आपको मालूम है न इसका मतलब?"

"हो सर. पण तुम्ही आधी बाकीच्या पेट्या बघा. प्लीज."

त्यांनी फोन ठेवला. पुढचा तासभर मी कुठल्या गिऱ्हाइकाला काय दिलं, मला आठवत नाही. एक बाई सातवीचं गणित मागत होती, तिच्या हातात मी नववीचं दिलं म्हणे. काका मात्र डबा काढून जेवायला बसले. मला म्हणाले, "खाऊन घे थोडंसं. झालं ते झालं." मला त्यांचा इतका संताप आला आणि त्याच वेळी इतका आधार वाटला की मी दोन घास खाल्लेही.

फोन आला तेव्हा पांडे सरांचा आवाज बदललेला होता. त्यांनी स्वतः गोडाऊनमध्ये जाऊन पेट्या उघडल्या होत्या.

"मॅडम, पाँच में से दो पेटी खराब." ते म्हणाले. "पूरा सेंट्रल इंडिया का माल यहीं से गया है. आपके जिन चाचाजी ने देखा, उनको फोन दीजिए."

काकांनी हात धुतले, फोन घेतला आणि पुढची दहा मिनिटं ते पांडे सरांना पाठ पढवत होते. "पढ़ने का नहीं, साहब. सिर्फ नंबर देखने का. तीनशे बावन खोलो, आगे तीनशे त्रेपन आया तो ओके. हर पेटी में से ऊपर का एक, बीच का एक, नीचे का एक. और जिसने देखा वो सही मारेगा." शेवटी म्हणाले, "हाँ, खडू मेरे पास है. भेज देता हूँ."

शुक्रवार आणि शनिवारी कंपनीने गावोगावच्या दुकानांना फोन करून पेट्या उघडायला लावल्या. आमच्या बाकीच्या दोन पेट्या चांगल्या निघाल्या. खराब पेटीच्या बदल्यात रविवारी नवी आली. तिच्यावर पांडे सरांची सही होती, निळ्या शाईपेनने. काकांना ते आवडलं नाही. पाण्यानं जाते म्हणाले.

मंगळवारी सकाळी साडेआठला दुकानासमोर रांग होती. श्रेया सगळ्यात पुढे, आता अकरावीत. शाळेच्या ड्रेसवर, वडिलांच्या सायकलवर आलेली. नऊ वाजता शटर वर गेलं. काउंटरवर मी, शेजारी काका. प्रत्येक पुस्तक द्यायच्या आधी ते तीनशे बावन्न उघडून बघत होते. चोवीसच्या चोवीस खराब निघाल्यापासून एकही पुस्तक न बघता चांगलं मानायला ते तयार नव्हते.

"दादाजी, मत देखो! स्पॉयलर हो जाएगा!" श्रेया किंचाळली.

"मी काही वाचून नाही राहिलो, बेटा. नंबर पाहून राहिलो." असं म्हणून काकांनी पानावर आडवा तळहात ठेवला. फक्त खालचा आकडा दिसेल एवढी जागा मोकळी सोडली. पुढे साठही पोरांची पुस्तकं त्यांनी तशीच तपासली, तळहात ठेवून. मी दुसरीकडे तोंड करून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी श्रेया आली. डोळे सुजलेले, चेहरा फुललेला. काकांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "भाई वापस आया क्या उसका?"

"खुद पढ़ो ना, दादाजी!" ती हसत म्हणाली आणि निघून गेली.

काकांनी खरंच पहिल्या भागापासून वाचायला घेतलं. इंग्रजी डिक्शनरी जवळ ठेवून, दिवसाला दोन पानं. अजून दुसऱ्या भागात आहेत.

आमचं नाव यादीतून गेलं. पांडे सरांनी स्वतः फोन करून सांगितलं. नियम तो नियम, एक वर्ष. माझा चडफडाट झाला, पण मी लिहून दिलं होतं, तेव्हा वाद घालायला तोंड नव्हतं. त्या वर्षात दोन मोठी पुस्तकं आम्हाला इतरांपेक्षा एक दिवस उशिरा मिळाली. आता सहाऐवजी एकच दिवस. श्रेयाने दोन्ही वेळा तो दिवस फोन आईकडे देऊन काढला.

वर्ष संपल्यावर एम्बार्गोचा नवा कागद सहीसाठी आला. त्यात एक कलम वाढलं होतं. पेटी मिळताच दुकानातल्या एका जबाबदार माणसाने ती उघडून पानांचे क्रमांक तपासावेत, पेटीवर सही करावी आणि ती पुन्हा बंद करावी. ज्यासाठी आम्हाला शिक्षा झाली, तेच आता आम्हाला लेखी बजावलं होतं. मी ते काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "खडूचं नाही लिहिलं त्यायनं."

या सगळ्यातून मी शिकले ते थोडकंच आहे. सामान येणार असेल तर स्टाफला आधी सांगावं. आणि दुकानातली खाकी टेप त्या गुरुवारपासून काकांच्या ड्रॉवरमध्ये असते. मला लागली तर मागावी लागते, आणि ते दर वेळी विचारतात, कशाले पाह्यजे?