जादा डाव

मुलगी अमेरिकेत गेल्यापासून आमचा रोजचा फोन चार मिनिटांचा असतो. जेवलीस का, थंडी आहे का, बरं. रविवारी सकाळी मात्र तिच्या गावच्या बेसबॉल संघाचा सामना आम्ही फोन चालू ठेवून, आपापल्या टीव्हीवर एकत्र बघतो. मी वहीत धावा मांडतो.

"बाबा, तुमचा लाडका पुन्हा बाद!"

"अगं, डावखुऱ्यापुढे तो चाचपडतोच. वहीत आहे."

मग मध्येच ती सांगते, "गेल्या आठवड्यात ताप होता. आता उतरलाय." चार मिनिटांत ताप मावत नाही.

परवा शेवटच्या डावात समोरच्यांनी बरोबरी साधली. निकाल लागेपर्यंत हा खेळ थांबत नाही.

"शी! आता जादा डाव," ती वैतागली.

"अरेरे," मी म्हणालो आणि वहीचं नवं पान उघडलं.