कानसेनने लावलेलं शेवटचं टायमिंग

गॅरेजात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाडी फाटकातून आत येते न येते, तोच कोणता व्हॉल्व्ह कुरकुरतोय ते तो हातातला चहा खाली न ठेवता सांगायचा. इंजिनांना कॉम्प्युटर आले तेव्हा त्याने धाकट्या साडूला भागीदार करून घेतलं. साडू लॅपटॉपवर आकडे भरायचा, हा ऐकायचा.

बायकोच्या मात्र केव्हाच लक्षात आलं होतं. दाराची बेल वाजली तरी हा पेपरातून मान वर काढत नसे.

"एकदा कान दाखवून या," ती म्हणायची.

"या कानांवरच घर चाललंय आपलं," म्हणून तो उडवून लावायचा.

मग एका विधवा बाईंची गाडी आली. इंजिन त्यांच्या नवऱ्याने स्वतः बांधलेलं. फक्त टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडायची ते, लावायचं राहिलं होतं. साडूने लॅपटॉपवर दहा अंश कायम केले. कानसेनने पुलीवर टायमिंग लाइट धरला. खूण बरोबर दहावर आली. इथवर डोळ्यांचं काम होतं. मग गाडी जागेवरच पळवणाऱ्या रोलरवर चढवून, भार देत, ठिणगी एकेक अंश लवकर पाडायला सुरुवात केली. ती फार लवकर पडली तर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तो आला की मागे फिरायचं.

"दादा, काही वाजतंय?"

"स्वच्छ आहे. दे अजून एक."

साडू घुटमळला. "नक्की?"

"अरे, दे म्हटलं ना!"

एकदम धाडकन आवाज झाला आणि निळा धूर कोंदला. इंजिन उघडलं, तर तिसऱ्या पिस्टनला बोट जाईल एवढं भोक.

"दोन अंश आधीपासून वाजत होतं," साडू खाली बघत म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही स्वच्छ म्हणालात. मला वाटलं, माझेच कान वाजतायत."

बाईंना कानसेनने स्वतःच जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "त्यांच्या हातचं होतं ते," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बारीक आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत. त्यानंतर टायमिंग साडूच लावू लागला आणि हा ब्रेकचं काम बघू लागला.

दवाखान्यातून परतताना बायकोने काहीतरी विचारलं होतं. तो "हो" म्हणाला होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं, उत्तर "हो" नव्हतं. तिने पुन्हा विचारलं नाही.